गाळणीला बगल देणारं पाणी

चीज डाइंगमध्ये शेवटची गाळणी सूतच असतं. भोकं असलेल्या नळीवर सैलसर गुंडाळलेलं सूत म्हणजे चीज. अशी चीज दांड्यांवर एकावर एक रचून आम्ही भांडं बंद करतो आणि पंप त्यातून रंगाचं पाणी फिरवतो, काही मिनिटं आतून बाहेर, काही मिनिटं बाहेरून आत. पाण्यात जे काही तरंगत असेल ते सुताच्या थरात अडकून बसतं. त्यामुळे आपण कसलं पाणी वापरलं हे कळायला मला कागदावरचा रिपोर्ट लागत नाही. रंगवलेलं चीज उभं कापलं की सगळं समोर येतं.

मागच्या जुलैमध्ये असंच एक चीज कापलं. शेड फिकट बदामी, टॉवेलसाठी. बाहेरून सूत एकसारखं, बघून समाधान वाटावं असं. आत मात्र नळीला लागून चार-पाच मिलिमीटरचं तपकिरी कडं. बोटाने चोळलं तर बोटाला मातकट लागलं. तो लॉट गडद शेडमध्ये परत घ्यावा लागला आणि मागवाल्याला बदामी सूत नव्याने रंगवून द्यावं लागलं. त्या कड्याचा माग काढता काढता जानेवारी उजाडला. तेवढ्या काळात फिल्टरबद्दल जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण सोलापुरात जुन्या मशिनबरोबर आलेली अशी हाउसिंग्ज, म्हणजे फिल्टरची भांडी, अनेकांकडे असणार.

आमचं युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. टॉवेल आणि चादरीचे यंत्रमागधारक पांढरं सूत आणून देतात, आम्ही ते रंगवून परत करतो. अप्पांनी हे सुरू केलं तेव्हा मी शाळेत होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मेंटेनन्स माझ्याकडे आलं. पाण्याचं म्हणाल तर घरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आणि कारखान्यात बोअर नाहीतर टँकर. काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी जड, म्हणून सॉफ्टनर आलाच. पण सॉफ्टनर पाण्यातला जडपणा काढतो, गाळ काढणं त्याचं काम नव्हे. उलट त्यातल्या रेझिनचे फुटके मणी कधीकधी पाण्याबरोबर पुढे येतात. म्हणून सॉफ्टनरनंतर फिल्टर लागतो आणि तो नीट लागतो. गाळाचा डाग दिसतो तरी. गंजाचा बारीक कण त्याहून वाईट. ब्लीचिंगच्या वेळी पेरॉक्साइड लोखंडाच्या कणाजवळ फार झपाट्याने फुटतं आणि नेमक्या तेवढ्याच जागी सुताचा धागा कमजोर होतो. डोळ्यांना काही कळत नाही, कळतं ते मागावर सूत तुटायला लागल्यावर.

आमचं फिल्टर हाउसिंग जुन्या परदेशी डाइंग मशिनबरोबर आलेलं. स्टेनलेस स्टीलचं जाड भांडं, आत पाच एलिमेंटची, म्हणजे प्रत्यक्ष गाळणाऱ्या नळ्यांची, जागा, फिनिशिंग अजूनही देखणं. पाणी एलिमेंटच्या बाहेरून आत शिरतं आणि मधल्या पोकळीतून खाली उतरून तळाच्या प्लेटमधल्या भोकातून पुढे जातं. एलिमेंट मात्र त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचं. लांबी वेगळी, खालचं बूड वेगळं, ओ-रिंग म्हणजे पाणी अडवणारी गोल रबरी कडीही बाजारात सहज न मिळणारी. एकाची किंमत साडेअकरा हजार, म्हणजे पाचांचे साडेसत्तावन्न, शिवाय दहा आठवडे वाट बघायची. जुलैमध्ये फोन केला तेव्हा एजंटने सांगितलं की ही मालिका आता बंद झाली, तुम्ही हाउसिंगच नवीन घ्या.

आमच्याकडे जुनी एलिमेंट धुऊन पुन्हा लावायची पद्धत होती. अप्पांचा त्यावर विश्वास होता आणि बरीच वर्षं ते चाललंही. पण कड्याचं चीज हातात आल्यावर मी पाचही एलिमेंट काढली आणि उन्हात धरून बघितली. तिघांच्या घड्या टोकाला उसवल्या होत्या. ॲसिडने धुऊन धुऊन चिकटवलेली कडाच सुटली होती. एक एलिमेंट मी करवतीने कापलं आणि त्यातलं घड्यांचं कापड अंगणात पसरलं. नव्वद घड्या, प्रत्येक दीड सेंटिमीटर खोल, उंची ४८ सेंटिमीटर. प्रत्येक घडीच्या दोन बाजू धरल्या तर जवळजवळ १.३ चौरस मीटर. मनगटाएवढ्या नळीत एवढं कापड बसवलेलं बघून अप्पाही थोडा वेळ काही बोलले नाहीत. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आणि पुढे त्याचा मोठा उपयोग झाला.

आता काय करायचं? बाजारात पाण्याच्या फिल्टरची ठरलेली मापं आहेत. बाहेरचा व्यास अडीच इंच म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर, लांबी दहा, वीस, तीस, चाळीस इंच. हे कार्ट्रिज बनवणारे कितीतरी आहेत आणि सोलापुरात आज सांगितलं तर उद्या मिळतं. विचार साधा होता की आपलं हाउसिंग या मापाला आणायचं.

एका फॅब्रिकेटरला दाखवलं. त्याने टेपने उंची मोजली आणि म्हणाला, भांडं मधून कापू, हवं तेवढं ठेवू, पुन्हा जोडून देतो, दोन दिवसांत काम. मी नको म्हटलं. भांड्यात चौरस सेंटिमीटरला तीन किलोचा दाब असतो. मूळ जोड कोणत्या पद्धतीने केला, पत्र्याची जाडी किती धरली, यातलं मला काही माहीत नाही. जोडकामाच्या उष्णतेने तोंडाची कडा जराशी वाकडी झाली तर झाकण पुन्हा कधीच घट्ट बसणार नाही. स्टेनलेस जोडलेल्या जागी नीट साफ झालं नाही तर गंज तिथूनच सुरू होतो, आणि मीठ घालून सॉफ्टनर धुणाऱ्या आमच्यासारख्या कारखान्यात पाण्यात क्लोराइड कायम असतं. तेव्हाच मी एक अट घालून घेतली. भांड्याला करवत, ड्रिल, वेल्डिंग काहीही लावायचं नाही. जे बदलायचं ते सुटं असलं पाहिजे आणि मनात आलं तर तासाभरात मूळ स्थितीत आणता आलं पाहिजे.

मग आमच्या नेहमीच्या लेथवाल्या अण्णांकडे गेले. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि लेथवर बसले की इंच-सुताची भाषा (हे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). साठी ओलांडली तरी व्हर्नियर धरलेला हात हलत नाही. तळाची प्लेट आणि एक जुनं एलिमेंट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी प्लेटचं भोक मोजलं, मग प्लेट काटकोनात फिरवून पुन्हा मोजलं.

"गोल नाही राहिलं, ताई. घासलंय एका बाजूला."

एक दशांश मिलिमीटरचा फरक होता. त्या वेळी मी तो कानाआड केला. पावसाचे दिवस, लॉट अडकलेले, मला घाई होती.

पहिला प्रयत्न सोपा केला. दोन्ही टोकांनी उघडं असलेलं साधं स्पन कार्ट्रिज, म्हणजे तंतूंच्या जाड थराची नळी, घ्यायचं. खाली प्रत्येक भोकात धारदार कडेची चकती, वर तशीच कडा असलेला कप, कपाच्या मागे स्प्रिंग आणि पाचही कप दाबून धरायला वरची एकच प्लेट. धारदार कडा कार्ट्रिजच्या मऊ टोकात रुतते आणि तिथे पाणी अडतं, एवढीच त्यातली युक्ती. कार्ट्रिजची लांबी मोजली, ५०८ मिलिमीटर, बरोबर वीस इंच. प्लेट बसली की स्प्रिंग आठ मिलिमीटर दबेल असा हिशेब धरला. अण्णांनी आठवड्यात करून दिलं. वीस इंची स्पन कार्ट्रिज दीड-दोनशे रुपयांना मिळतं, त्यामुळे अप्पा खूश.

दोन दिवसांत ती तुंबली. पाणी स्वच्छ येत होतं, पण आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक भराभर वाढत गेला. वहीतला आकडा तेव्हा आठवला. स्पन कार्ट्रिजचा बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे ३.१४ गुणिले ६.३ गुणिले ५०.८, साधारण एक हजार चौरस सेंटिमीटर. चौरस मीटरचा दहावा हिस्सा. जुन्या एलिमेंटचा १.३. स्पन कार्ट्रिज पृष्ठभागावरच गाळत नाही, जाडीतही कण धरतं, त्यामुळे ही तुलना शंभर टक्के न्याय्य नाही. तरी तेरा पटींचा फरक जाडीने भरून निघत नाही. ५ मायक्रॉनऐवजी २० मायक्रॉनची, म्हणजे जास्त मोठ्या छिद्रांची, कार्ट्रिज लावली, बोअरच्या टाकीत पाणी रात्रभर निवळू दिलं, तेव्हा कुठे आठवडा निघायला लागला.

सप्टेंबरमध्ये नवीन खोका आला. रात्रपाळीत कार्ट्रिज बदलली. त्यानंतर गेज हललाच नाही. फिल्टरच्या आधी एक, नंतर एक असे दोन गेज आम्ही लावले होते आणि दोन्हींतला फरक रोज वहीत चढत होता. एक दिवस ०.२, दुसऱ्या दिवशी ०.२, नवव्या दिवशीही ०.२. सगळ्यांना वाटलं, टाकीत निवळवण्याचा गुण आला. मलाही तसंच वाटलं. दहाव्या दिवशी मशिनवाल्या काकांनी चीज कापून माझ्या टेबलावर ठेवलं. तेच तपकिरी कडं.

हाउसिंग उघडलं. पाचांतली तीन कार्ट्रिज घट्ट होती, दोन हाताने गरगर फिरत होती. त्या दोघांच्या वरचा कप नुसता लटकलेला, मध्ये पाच मिलिमीटरची फट. कार्ट्रिज बाहेर काढून मोजली तर ४९५ मिलिमीटर, म्हणजे साडेएकोणीस इंच. खोक्यावर सगळ्यांवर वीस इंचच लिहिलेलं. दोन्ही लांब्यांची कार्ट्रिज बाजारात वीस इंची म्हणूनच विकली जातात, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णांच्या भाषेत चार सुतांचा फरक. आठ मिलिमीटर स्प्रिंगने भरून काढले असते, तेरा कसे भरणार? ती दोन कार्ट्रिज उभी चिरली. बाहेरचा थर जवळजवळ पांढरा आणि मधली पोकळी, जिथे फक्त गाळलेलं पाणी असायला हवं, ती चिखलाने माखलेली.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कार्ट्रिज टाकून देण्याआधी एक तरी चिरून बघा. बाहेर घाण आणि आत स्वच्छ असेल तर कार्ट्रिज काम करत होतं. आत घाण दिसली तर पाणी त्यातून गेलंच नाही, बगल देऊन गेलं. आणि गढूळ पाण्याच्या दिवसांत गेज आठवडाभर जागचा हलत नसेल तर त्याचा आनंद मानू नका. गाळ अडत असेल तर दाब वाढायलाच हवा. वाढत नाही याचा अर्थ पाण्याला दुसरी सोपी वाट मिळाली आहे. फिल्टर नसता तर आम्ही पाण्यावर लक्ष तरी ठेवलं असतं. फिल्टर आहे या भरवशावर नऊ दिवस सूत रंगवत राहिलो, याचं मला फार वाईट वाटलं. त्या लॉटचे पैसे आम्ही मागवाल्याला भरून दिले.

दिवाळीपर्यंत प्रत्येक कार्ट्रिज मोजून लावत राहिलो. पण रात्री दोन वाजता कामगाराने टेप घेऊन पाच कार्ट्रिज मोजावीत, तरच सुताचा दर्जा टिकेल, ही व्यवस्था टिकाऊ नव्हती. मला असं काहीतरी हवं होतं जे लांबीवर अवलंबूनच नसेल.

ते बाजारातच होतं. दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजचं वरचं तोंड बंद असतं आणि खाली एक बूड असतं, त्याच्याभोवती दोन ओ-रिंग. बूड सॉकेटमध्ये ढकलायचं, ओ-रिंग सॉकेटच्या भिंतीवर दाबल्या जातात. पाणी अडतं ते भिंतीपाशी, त्यामुळे कार्ट्रिज चार सूत लांब असलं काय नि आखूड असलं काय, फरक पडत नाही. याची दोन मापं सगळीकडे चालतात, २२२ आणि २२६. हे आकडे म्हणजे ओ-रिंगचे ठरलेले नंबर. २२२ ची ओ-रिंग आतून ३७.६९ मिलिमीटर, २२६ ची ५०.३९, जाडी दोन्हींची ३.५३. २२६ ला कान असतात, ते फिरवून अडकवता येतं, म्हणून ते जास्त पक्कं. मलाही तेच आवडलं होतं. पण आमच्या प्लेटवरची पाच भोकं इतकी जवळजवळ आहेत की २२६ ची सॉकेट्स शेजारी शेजारी मावेनात. २२२ घेतलं आणि शिवाय घड्यांचं घेतलं, म्हणजे कापडाचं क्षेत्रफळही परत मिळालं.

आता काम उरलं ॲडॅप्टरचं. वर २२२ चं सॉकेट, खाली आमच्या प्लेटच्या भोकात बसणारा भाग. अण्णांनी विचारलं, "पितळेत करू की, ताई? लवकर होतंय, गुळगुळीत येतंय." पितळ लेथवर लोण्यासारखं कापतं हे खरं. पण पितळ म्हणजे तांबं आलं, आणि काही रंगांची शेड पाण्यात तांब्याचा अंश आला तरी सरकते. रंगवायच्या पाण्याच्या वाटेवर मी पितळ ठेवणार नाही. एसएस ३१६ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा रॉड आणला. ३०४ स्वस्त होता, पण क्लोराइडच्या पाण्यात ३१६ जास्त टिकतो.

स्टीलला हात लावण्याआधी नायलॉनच्या रॉडमध्ये एक नमुना करायचं ठरवलं, आणि तो दीडशे रुपयांचा तुकडा या सगळ्या कामातली सर्वांत चांगली गुंतवणूक ठरला. मेकरच्या कागदावरून सॉकेटचं माप घेतलं आणि कार्ट्रिज आत ढकललं. गेलं, पण काढल्यावर खालच्या ओ-रिंगवरून रबराची बारीक साल निघालेली. सॉकेटची वरची कडा काटकोनी होती आणि तिने ओ-रिंग सोलली होती. बाहेरून कार्ट्रिज अगदी छान बसलेलं दिसत होतं! अण्णांनी तोंडाला उतरता चेंफर दिला, कडा पॉलिश केली आणि ओ-रिंग जिथून सरकते तिथलं भोक आरशासारखं केलं. मग कार्ट्रिज तळहाताच्या दाबाने आत गेलं. शेवटी हाताला एक मऊ थांबा जाणवतो. तो जाणवला की समजायचं, बसलं.

ओ-रिंगला काही चोपडायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या ओ-रिंग ईपीडीएम नावाच्या रबराच्या, त्यांना ग्रीस लावलं तर त्या फुगतात. सिलिकॉनचं वंगण ईपीडीएमला चालतं, पण डायहाउसमध्ये सिलिकॉन आणायचंच नाही. त्याचा अंश सुतावर गेला की तिथे पाणी धरत नाही आणि रंग चढत नाही. आम्ही ओ-रिंग सॉफ्टनरच्या पाण्यात बुडवतो आणि ओलीच बसवतो. तेवढं पुरतं.

खालच्या बाजूला आता तो एक दशांश मिलिमीटर आठवला. भोक गोल नसेल तर भोकाच्या भिंतीवर ओ-रिंग दाबून काय मिळणार? म्हणून ॲडॅप्टरला कॉलर दिली, कॉलरच्या खालच्या तोंडावर खाच काढून त्यात ओ-रिंग ठेवली आणि ती प्लेटच्या सपाट पृष्ठभागावर दाबली. खाली आटे आणि नट. आटे मुद्दाम जाड घेतले, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस फिरलं की बारीक आटे एकमेकांना चावतात आणि नट जन्मभर सुटत नाही. पहिल्याच तुकड्यावर असं झालं होतं, नट कापून काढावा लागला. आता टेफ्लॉन टेप लावून, हाताने, सावकाश. मधलं भोक २८ मिलिमीटरच्या खाली येऊ दिलं नाही, नाहीतर पाण्याची वाट आपणच अरुंद केली असती.

ॲडॅप्टरमुळे कार्ट्रिज उंच झालं आणि वरची प्लेट बसेना. ती प्लेट वरून दाबून धरणारे जुने रॉड सहायक मुलगा कापायला निघाला होता. त्याला थांबवलं, नवे आखूड रॉड करून घेतले आणि जुने कापडात गुंडाळून ठेवले. वरची प्लेट आता पाणी अडवत नाही. तिचं काम एवढंच, की पंप बंद होताना पाणी उलटं ढकललं गेलं तर कार्ट्रिज सॉकेटमधून उठू नये.

बसवायला मुहूर्त मिळाला गड्ड्याच्या यात्रेत. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी मागही बंद असतात आणि आमची बहुतेक माणसं नंदीध्वजांच्या मिरवणुकीला. सकाळी मीही दर्शन घेऊन आले आणि दुपारी हाउसिंग उघडलं. तळाची प्लेट उचलली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. प्लेट भांड्याच्या आतल्या कडेवर जिथे टेकते तिथलं गास्केट कडक होऊन तडकलेलं. सगळं लक्ष पाच भोकांकडे आणि सहावी वाट प्लेटच्या भोवताली मोकळी! जुलैच्या कड्यात उसवलेल्या घड्यांइतकाच याचाही हात असावा. नवीन गास्केट कापलं.

मग चाचणी. अण्णा मदतीला आले होते, ते म्हणाले कॉम्प्रेसर लावू, लवकर होईल. हवेने चाचणी करायची नाही यावर मी ठाम होते. पाणी दबत नाही, त्यामुळे गळती झाली तर दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी साठलेली असते, झाकणाचा बोल्ट सुटला तर ते झाकण माणसाच्या अंगावर येतं. भांडं पाण्याने काठोकाठ भरलं, वरची हवा सोडली, हातपंपाने साडेचार किलोपर्यंत नेलं, म्हणजे चालू दाबाच्या दीडपट. अर्धा तास काटा जागेवर राहिला.

पण ही भांड्याची चाचणी झाली. आतल्या आत पाणी बगल देतंय का, हे तिने कळत नाही. त्यासाठी लॅबमधला पांढरा फिल्टर पेपर घेतला. फिल्टरच्या आधीचं पाच लिटर पाणी एका पेपरमधून, नंतरचं पाच लिटर दुसऱ्यातून. दोन्ही वाळवून शेजारी ठेवले. पहिल्यावर चहाच्या डागासारखा गोल, दुसरा कोरा. अप्पांनी चष्मा लावून दोन्ही पेपर खिडकीपाशी नेले आणि म्हणाले, "हे दर सोमवारी करत जा गं." तेव्हापासून दर सोमवारी करतो. पेपरवर तारीख घालून वहीत चिकटवतो.

पाचही ॲडॅप्टर, रॉड, गास्केट आणि मजुरी धरून साडेचौदा हजार खर्च आला. घड्यांचं कार्ट्रिज सतराशेला पडतं. आता गेज रोज थोडाथोडा वर चढतो, आणि ते बघून मला बरं वाटतं. फरक एक किलोवर गेला की बदलतो. झाकणाजवळ पत्र्याची पट्टी लावून त्यावर पंचने ठोकून ठेवलं आहे: २० इंच, २२२, घड्यांचं, ईपीडीएम, ओ-रिंग पाण्यात भिजवून. मी नसताना जो कोणी बदलेल त्याला विचारायला लागू नये. गरम पाणी या लाइनवर घेऊ नये हेही लिहिलं आहे, कारण ही कार्ट्रिज पॉलिप्रॉपिलीनची, उकळत्या पाण्याच्या जवळपास नेली तर मऊ पडून चेपतात. अण्णा दर वेळी ती पट्टी वाचतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या युनिटचे मालक आले. त्यांच्या गाठी बांधायच्या हायड्रॉलिक प्रेसचा तेलाचा फिल्टर मिळत नाही, दुकानदाराने गाडीच्या ऑइल फिल्टरसारखा दिसणारा एक डबा दिला आहे, बसतोय म्हणाले. मी त्यांच्यासमोर फिरवून बघितला. दोन आटे गेले आणि डबा डुगडुगत होता. डब्यावर एम-२०, दीडचा आटा, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर दीड. प्रेसच्या हेडवरचा, म्हणजे फिल्टर ज्यावर बसतो त्या भागावरचा, खुंट अण्णांनी व्हर्नियरने मोजला, जेमतेम १९ मिलिमीटर. पिच गेज लावला, इंचाला १६ आटे. म्हणजे पाऊण इंची. एम-२० चा डबा त्यावर चढतो, धरल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आटे सोलून निघून जातो. गरम तेलाच्या फवाऱ्यासमोर त्यांचा माणूस उभा असतो.

त्यांना मी आणखी एक विचारलं, तुंबल्यावर तेल सोडून देणारा बायपास जुन्या फिल्टरमध्ये होता की हेडमध्ये? पाण्याच्या आमच्या हाउसिंगमध्ये बगल हा दोष. तेलात मात्र थंडीच्या सकाळी तेल घट्ट असतं तेव्हा ती वाट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर एलिमेंट चेपून फाटतं. नवीन डब्यात बायपास नसेल आणि हेडमध्येही नसेल, तर आटा जुळूनही उपयोग नाही. त्यांना माहीत नव्हतं. डबा खोक्यात परत घातला. अण्णा म्हणाले, "उद्या हेडच काढून आणा की, इथंच उघडून बघू." उद्या सकाळी त्यांची प्रेस बंद ठेवायचं ठरलंय.